पकडीचा हिशेब

वर्तमानपत्रातल्या कबड्डीच्या बातमीचा एक ठरलेला साचा आहे. मध्यंतराला अमक्या संघाकडे १४-९ अशी आघाडी होती. उत्तरार्धात तमक्याच्या चौफेर चढायांनी सामन्याला कलाटणी मिळाली. त्याला अमुकने भक्कम पकडी करून मोलाची साथ दिली. चढाईपटूचे नाव आधी, पकडी करणाऱ्याचे नंतर. जाहिरात वाढली आणि जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री मागच्या वाक्यावर चालते. म्हणजे मोलाची साथ जाते आणि चौफेर चढाया उरतात.

ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला. गेली अकरा वर्षे मी कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यातल्या कबड्डीची कात्रणे, निमंत्रणपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका आणि छायाचित्रे जमवतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. माझा व्यवसाय हिशेबनिसाचा, तोही एका खासगी पेढीतला. त्यामुळे संशोधनाची शिस्त पुस्तकातून न येता खतावणीतून आली. जमेला जे आहे त्याला खर्चाच्या बाजूला तोंड हवे, एवढेच मला कळते. त्या सवयीने एकदा मी स्वतःलाच एक साधा प्रश्न विचारला. आपल्याकडच्या एखाद्या कोपरारक्षकाने उभ्या आयुष्यात किती पकडी केल्या?

या प्रश्नाला २०१४ पूर्वीच्या जवळजवळ कुणाच्याही बाबतीत उत्तर नाही. सामने किती जिंकले ते सांगता येते. ढाली मोजता येतात, त्यांवरची पितळी पाटी काळी पडली असली तरी. कोण राज्याकडून खेळला, कुणाला कोणत्या वर्षी कर्णधारपद मिळाले, हेही सापडते. पण ज्या एका कामासाठी तो माणूस मैदानाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभा राहिला, त्या कामाची नोंद नाही.

कबड्डी न पाहिलेल्या वाचकासाठी (दिवाळी अंकाच्या वाचकांत असे असतात, आणि तो त्यांचा दोष नाही) या कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे. सात जण अर्धवर्तुळात उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोघे, मग मध्यरक्षक. समोरून एक जण ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत येतो. त्याच्याकडे तीस सेकंद असतात. त्याला निदानरेषा ओलांडावी लागते, जमल्यास बोनस रेषा. बोनससाठी त्याला एक पाय रेषेपलीकडे टाकून दुसरा पाय जमिनीवरून उचलावा लागतो, आणि तेव्हा समोर किमान सहा जण असावे लागतात. हा पाय बहुतेक वेळा कोपऱ्याच्या बाजूला पडतो. शरीराचा सगळा भार त्या एका पायावर आलेला असतो, तो क्षण निमिषाचा. त्या निमिषात कोपरारक्षकाने गुडघ्यात वाकून, हनुवटी छातीशी घेऊन, घोट्यावर दोन्ही हातांची मिठी मारायची. लवकर गेला तर चढाईपटू पाय मागे घेतो आणि जाता जाता हात लावतो. उशिरा गेला तर टाच हातातून निसटते. दोन्ही वेळा कोपरारक्षक बाद, समोरच्याला गुण, आणि प्रेक्षकांतून एक ठेवणीतला शब्द.

आता हिशेबाच्या नजरेने पाहा. चढाईपटू रिकाम्या हाताने परतला तर त्याचे काही जात नाही. व्यावसायिक लीगमध्ये तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, पण पहिल्या दोन फुकट गेल्या तरी कुणी बोट दाखवत नाही. कोपरारक्षकाला अशी फुकट खेळी नाही. त्याने हात घातला की एकतर गुण मिळतो, नाहीतर गुण जातो आणि तो स्वतः बाहेर बसतो. म्हणून चांगला कोपरारक्षक दहांतल्या आठ वेळा हात घालतच नाही. तो नुसता सरकतो, चढाईपटूला आत ओढतो, पुन्हा सरकतो. या आठ वेळांची नोंद कुठल्या पद्धतीने ठेवायची, हे मला अजून कळलेले नाही. मोजायला बसलो तर उरलेल्या दोनच हाती लागतात.

त्यातही एक अडचण आहे. कोपऱ्याने घोटा धरला, आतल्याने कंबर धरली, मध्यरक्षकाने छातीवर धडक देऊन त्याला मागे रेटले आणि चौथा येऊन वर पडला. पकड कुणाची? मैदानावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. संघाला गुण मिळतो, खेळ पुढे जातो, आणि सगळे उठून अंगावरची माती झटकतात. मोजणारा आला तेव्हाच हा प्रश्न जन्माला आला.

आपला खेळ मोजला जाण्याआधी फार काळ खेळला गेला आहे. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत. नियम गावागणिक वेगळे होते. एका प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. त्याला गामिनी म्हणत. दुसऱ्यात समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई, ती संजीवनी. तिसऱ्यात कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजत; तो अमर. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा घेतली, आणि आजच्या खेळाच्या वंशावळीत ते वर्ष ठळक आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकांचा दर्जा मिळाला. या सगळ्या प्रवासामागे महाराष्ट्रातून ज्यांनी आयुष्य वेचले त्या शंकरराव तथा बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. हे सर्व स्मरणिकांत वारंवार छापून आलेले आहे, त्यामुळे मी इथे थांबत नाही.

थांबायला हवे ते एका बारीक गोष्टीपाशी. आजचा खेळ संजीवनी प्रकारातून आला. याचा अर्थ, पकड यशस्वी झाली की गुण मिळतोच, शिवाय बाहेर बसलेला आपला एक भिडू उठून आत येतो. कोपरारक्षक नुसता रक्षक नाही. त्याच्या हातात बाद झालेल्याला परत आणण्याची किल्ली आहे. संघात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर आजच्या नियमात एक गुण जास्त मिळतो. मराठी वर्तमानपत्रे तिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. शब्द कुणी काढला ते ठाऊक नाही, पण काढणारा मैदानात उठबस असलेला असावा.

ठाणे जिल्ह्यात या खेळाची मुळे खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांत आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या वस्त्यांत आहेत. भाताची कापणी झाली की खाचर मोकळे होई, ढेकळे फोडून चोपण फिरवले की मैदान तयार. ठाण्यात मावळी मंडळ, आर्य क्रीडा मंडळ यांसारख्या संस्था होत्या. कल्याणात सुभाष मैदानावर बांबूच्या गॅलऱ्या उभ्या राहत आणि वरून पिवळ्या बल्बांच्या माळा. शेवटची लोकल गाठायची म्हणून आसनगाव-कसाऱ्याकडचे लोक अंतिम सामना अर्ध्यावर टाकून स्टेशनकडे पळत. निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी डब्यात कळे. (नव्या वाचकाला हेही सांगावे लागते की १ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर वेगळा जिल्हा नव्हता. जुन्या कात्रणात ‘ठाणे जिल्हा’ असे वाचले की वसई-डहाणूपर्यंतचा मुलूख डोळ्यांपुढे आणायचा.)

खेळून पोट भरत नसे. खेळाने नोकरी मिळे, आणि नोकरीने पोट भरे. मुंबईत रेल्वे, पोलीस, बेस्ट, बंदर, बँका, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम असे व्यावसायिक संघ होते. ‘व्यावसायिक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ एवढाच की हा माणूस अमुक आस्थापनेच्या पटावर आहे. सकाळी कामावर सही, दुपारी सरावाला सवलत, संध्याकाळी सामना. कल्याण-ठाण्याच्या मुलांचे स्वप्न या पटावर नाव लागण्याचे असे. तिथेही चढाईपटूला आधी विचारले जाई, असे जुने खेळाडू सांगतात. अर्थात सगळेच चढाईपटू घेऊन संघ होत नाही, त्यामुळे कोपरेवाल्यालाही नोकरी लागे. पुढे राज्य शासनाने आपल्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले आणि प्रमाणपत्राला भाव आला. प्रमाणपत्रावर स्पर्धेचे नाव, स्थान आणि वर्ष असते. तिथेही पकडी नाहीत.

माझे धाकटे मामा या जुन्या व्यवस्थेतले. कल्याणच्या एका मंडळाकडून ते तेरा-चौदा वर्षे डावा कोपरा सांभाळत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांना खेळावर बदली कामगार म्हणून घेतले, कायम कधी केले नाही, आणि कारखान्याने संघ बंद केला तेव्हा मामांचा उजवा गुडघाही बंद होत आला होता. ही तक्रार त्यांची नाही, माझी आहे. त्यांच्याकडे याविषयी काही शब्दच नाहीत. त्यांच्या वहीत गव्हाच्या खळीने चिकटवलेली एकसष्ट कात्रणे आहेत, आणि त्यांतल्या नऊंत त्यांचे नाव आहे. नऊंपैकी दोनांत आडनाव चुकलेले आहे.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. दिवे, संगीत, सिनेमातली माणसे, हे सगळे लोकांच्या लक्षात राहिले. माझ्या लक्षात राहिली ती पडद्यावरची एक पट्टी. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे होते. चढाईचे गुण वेगळे, पकडीचे वेगळे. मामा शेजारी बसले होते. ते बराच वेळ खेळाकडे न पाहता त्या पट्टीकडेच पाहत होते.

त्या पहिल्या वर्षी सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता, पाटणा संघाने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतले. चार वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, यू मुम्बाने इराणच्या फजल अत्राचलीवर एक कोटी रुपये लावले. फजल डावा कोपरारक्षक आहे. या लीगमध्ये एक कोटीची बोली लागलेला तो पहिला परदेशी खेळाडू, आणि तो कोपऱ्यातला निघाला, याचे मला वाटलेले अप्रूप मामांना वाटले नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता : “त्याला मातीवर कुणी बघितलाय का?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मातीवर अनवाणी पाय घसरतो, त्यामुळे चढाईपटूला लांब झेप घेता येत नाही, पण घामाने आणि धुळीने घोटाही निसरडा होतो. मॅटवर बूट असतात. पाय रुततो, चढाईपटूची कलाटणी जलद होते, आणि कोपरारक्षकाला सूर मारताना कोपर-गुडघे सोलवटण्याची भीती कमी असते. एकच पकड दोन पृष्ठभागांवर दोन वेगळ्या कसरती आहेत. ज्या पिढीने दोन्ही पाहिले तीच याबद्दल अधिकाराने बोलू शकते, आणि ती पिढी आकडे ठेवणारी नव्हती.

या दोन काळांच्या सांध्यावर आपल्याच गावचा एक खेळाडू उभा आहे, कल्याणचा गिरीश मारुती इर्नाक. तोही डावा कोपरा. घोट्याच्या पकडीसाठी तो ओळखला जातो. बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स, यू मुम्बा अशा संघांतून तो खेळला. त्याच्या कारकिर्दीतले २०१८ हे एक वर्ष घेतले तरी कोपरारक्षकाचे आयुष्य कसे असते ते दिसते, म्हणून तेवढेच सविस्तर सांगतो.

जानेवारीत हैदराबादला राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवले. कर्णधार होता रिशांक देवाडिगा, मुंबईचा चढाईपटू. आदल्याच मोसमात त्याने लीगच्या एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले होते. साहजिकच मथळे त्याचे होते, आणि ते रास्तही होते. इर्नाक त्या विजयी संघात होता. जूनमध्ये दुबईत सहा देशांची मास्टर्स स्पर्धा झाली, भारताने अंतिम फेरीत इराणला ४४-२६ असे लोळवले. इर्नाक त्याही संघात होता. मग ऑगस्ट आला.

जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताचा पुरुष संघ गटात दक्षिण कोरियाकडून २३-२४ असा एका गुणाने हरला. २३ ऑगस्टला उपांत्य फेरीत इराणने १८-२७ असे हरवले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेला संघ कांस्यपदक घेऊन परतला. इराणच्या संघात डाव्या कोपऱ्याला फजल होता, आपल्या बारा जणांत डाव्या कोपऱ्याचा इर्नाक होता. भारताच्या चढाईपटूंना त्या दिवशी जे जमले नाही ते इराणच्या पकडींमुळे जमले नाही, हे सामना पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल. तरीही दुसऱ्या दिवशीची चर्चा अजय ठाकूर का चालला नाही, प्रदीप नरवाल का चालला नाही, याचीच होती. हरतानासुद्धा बातमी चढाईचीच होते.

ऑक्टोबरमध्ये लीगचा सहावा मोसम सुरू झाला तेव्हा पुणेरी पलटणने इर्नाककडे कर्णधारपद दिले. त्याच मोसमात उत्तर प्रदेशाच्या संघातल्या नीतेश कुमार या उजव्या कोपरारक्षकाने एका मोसमात पकडींचे शंभर गुण मिळवले. असे करणारा तो पहिला. शंभर पकडगुण ही कल्पनाच आधीच्या पिढीला परकी होती. कुणी शंभर केल्या असतील, दोनशेही केल्या असतील. शतक झाले हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

इर्नाकने २०१४ नंतर लीगमध्ये केलेली प्रत्येक पकड आज कुणालाही घरबसल्या मोजता येते, सामन्यानिहाय, चित्रफितीसह. मामांची एकही मोजता येत नाही. दोघांच्या मैदानांत अंतर म्हणाल तर चालत वीस मिनिटांचे.

असा पेच फक्त आपल्याकडे पडला आहे का, हे शोधताना मी भलत्याच देशात जाऊन पोहोचलो. अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला अजूनही पुरता कळत नाही. शिरस्त्राणे घातलेली बावीस माणसे एकमेकांवर धडकतात एवढे दिसते. पण त्यातल्या बचावफळीचे काम कबड्डीवाल्याला लगेच ओळखू येते. समोरच्या संघाचा सूत्रधार, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो चेंडू फेकण्याआधी त्याला गाठायचे आणि जमिनीवर पाडायचे. अशा पकडीला ‘सॅक’ म्हणतात. शहर लुटून उद्ध्वस्त करणे या अर्थाचा हा शब्द खेळात रुजवण्याचे श्रेय डेव्हिड ‘डीकन’ जोन्स या खेळाडूला दिले जाते. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या छोट्या गावातला हा मुलगा. १९६१ साली लॉस एंजेलिस रॅम्स संघाने त्याला निवडले ते चौदाव्या फेरीत, म्हणजे बाकीचे शेकडो निवडून झाल्यावर. पुढे रॅम्सच्या चार जणांच्या ज्या बचावफळीची दहशत होती, तिचा तो कणा ठरला. प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणावर थाड्‌कन चापट मारून त्याला क्षणभर बधिर करायचे, हा त्याचा डाव. पुढे १९७७ साली त्या डावावर बंदी आली. जोन्स १९७४ साली निवृत्त झाला, १९८० साली त्यांच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले.

आणि सॅक? नॅशनल फुटबॉल लीगने वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९८२ साली. ज्याने शब्द दिला त्याच्या खात्यावर अधिकृत आकडा शून्य.

हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. पुढचे वाचून तर अधिकच. जॉन टर्नी आणि निक वेबस्टर या दोन हौशी संशोधकांनी वर्षानुवर्षे जुन्या सामन्यांची टिपणे आणि फिल्म तपासून १९६० पासूनच्या सॅक एकेक करून मोजल्या. २०२१ साली त्या जाहीर झाल्या. जोन्सच्या नावावर १७३.५ सॅक भरल्या, म्हणजे इतिहासात तिसरा क्रमांक. लीगने हे आकडे आजही अधिकृत मानलेले नाहीत. जोन्स २०१३ साली वारला, त्यामुळे त्याला ते पाहायला मिळाले नाहीत.

त्या अर्ध्यावर माझी नजर अडकली. दोघांनी मिळून एकाला पाडले तर दोघांना अर्धी-अर्धी सॅक मिळते. आपल्याकडे साखळीत चौघे धरतात आणि गुण एकाच्या खात्यावर चढतो. साखळीचा खेळ आपला, आणि वाटणीची रीत त्यांच्याकडे.

टर्नी-वेबस्टर यांच्याजवळ फिल्म होती, क्रमवार टिपणे होती. माझ्याजवळ काय? गुणपत्रके स्पर्धा संपली की रद्दीत जात. मंडळांच्या कार्यालयांत इतिवृत्ते आहेत, त्यांत मांडवाचा खर्च आणि बल्बांचे भाडे पैशापर्यंत लिहिलेले आहे. हिशेबनीस म्हणून मला ते आवडले, संशोधक म्हणून नाही. शेवटी डोंबिवलीतले एक निवृत्त पंच भेटले. त्यांची एक खासगी खोड होती. सामना संपल्यावर घरी जाऊन ते स्वतःच्या डायरीत त्या सामन्यातल्या पकडी लिहून ठेवत, पकडणाऱ्याचा पाठीवरचा क्रमांक आणि पकडीचा प्रकार, पेन्सिलीने. घो म्हणजे घोटा, मां म्हणजे मांडी, कं म्हणजे कंबर, सा म्हणजे साखळी. का लिहायचात, असे विचारले तर म्हणाले, “दिलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे झोपण्यापूर्वी तपासायचो.” चार डायऱ्या शिल्लक होत्या. एकीत मामांच्या मंडळाचा एक अंतिम सामना सापडला.

तो सामना आमच्या घरात प्रसिद्ध आहे. म्हणजे कुप्रसिद्ध. शेवटच्या मिनिटाला मामांनी घोट्याला हात घातला, टाच निसटली, आणि संघ एका गुणाने हरला. आईच्या तोंडून मी हे इतक्या वेळा ऐकले आहे की तो सामना मीच पाहिला असे वाटते. मामा स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत. लग्नकार्यात कुणी विषय काढला तर ते पाणी प्यायला उठतात.

डायरीत ती निसटलेली पकड नव्हती, कारण पंच फक्त झालेल्या पकडी लिहीत. दोन क्रमांकापुढे, जो मामांचा, पाच खुणा होत्या. तीन घो, एक मां, एक सा. दोन्ही संघांत मिळून कुणाच्याही पुढे इतक्या नव्हत्या. ज्या माणसामुळे सामना गेला असे चाळीस वर्षे मानले जात होते, त्यानेच तो तिथवर आणून ठेवला होता.

मी पानाची छायाप्रत काढून मामांकडे नेली. रविवार होता, दूरदर्शनसंच चालू होता, आवाज बंद. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला. बोटाने एकेक खूण मोजली. मला वाटले, आता काही तरी बोलतील. ते पाचव्या खुणेपाशी थांबले.

“ही साखळी माझी नाही,” ते म्हणाले.

“दोन नंबर लिहिलाय, मामा.”

“लिहिला असेल. मी नुसता घोटा धरून पडलो होतो. तो मला ओढत रेषेपर्यंत घेऊन गेला होता. सहा नंबरने कंबर धरली म्हणून थांबला. नाहीतर गेलाच होता तो.”

सहा क्रमांकाचा खेळाडू कोण, हे त्यांनी नाव, गाव, आळीसकट सांगितले. ते गृहस्थ आता नाहीत. डायरीत त्यांच्यापुढे एकही खूण नव्हती.

घरी येऊन मी खतावणी उघडली. दोन क्रमांकापुढे साडेचार लिहिले आणि सहा क्रमांकापुढे अर्धा. पुढच्या रविवारी ते मामांना दाखवले. त्यांनी सहा क्रमांकाची ओळ दोनदा वाचली, आणि त्या खेळाडूच्या मुलाला याची एक प्रत पाठव म्हणून सांगितले. पत्ता त्यांच्याकडे होता.